सोमवारची गोष्ट

काजूच्या गराच्या पोटाकडच्या वळणात साल अडकून बसली होती — तांबूस, कागदाहून पातळ, नखाला लागेल न लागेल अशी — ती तशीच ठेवून गर टोपलीत टाकावा तर निवडणीवरची बाई परत आणून समोर ठेवणार, आणि जोर करावा तर गर मधोमध उकलून त्याच्या दोन पाकळ्या होणार, म्हणून प्रेमला अंगठ्याचं नख त्या वळणातून हलकेच फिरवत होती आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होती, मग त्या व्यापाऱ्याने आपले सातही बैल सोडून दिले.

अख्खा.

तेव्हा त्याची बायको म्हणाली, हे काय केलेत.

अख्खा.

तेव्हा तो तिला म्हणाला — म्हणाला — पाकळी. जाऊ दे. पाकळ्यांच्या डब्यात.

गोष्ट एक्केचाळीस वाक्यांची होती. वाक्य म्हणजे आमू जिथे श्वास घेते तिथपर्यंतचं. आमू म्हणजे आम्रपाली, प्रेमलाची लेक, जूनपासून देवरुखच्या पलीकडे एका शाळेवर शिक्षणसेविका. ती रविवारी घरी आली होती तेव्हा विहारातलं कथांचं जाड पुस्तक दुपारपुरतं मागून आणून तिने ही गोष्ट अकरा वेळा वाचून दाखवली होती — प्रेमला भाकऱ्या भाजत असताना, भांडी घासताना, मग नुसतीच समोर बसलेली असताना — आणि बाराव्या वेळी प्रेमलाने ती तिला म्हणून दाखवली होती. पान कुठे उलटायचं तेही पाठ केलं होतं. बैल पाण्यापाशी आले की उलटायचं. आणि दोन ठिकाणी थोडं अडखळायचं, मुद्दाम, कारण वाचणारी माणसं अडखळतात. न अडखळणारी माणसं पाठ म्हणत असतात. हे आमूला सुचलं नव्हतं. हे माझं मला सुचलं.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने वाडीतल्या विहारात रोज संध्याकाळी सातला वाचन असे. रोज एक गोष्ट, रोज एक घर. घरांची यादी तारखांसकट दारामागे लावलेली. प्रेमलाच्या घराचा वार आला की इतकी वर्षं आमू वाचायची, पाचवीत होती तेव्हापासून, आणि प्रेमला तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर ओळीखालून बोट फिरवायची. बोट बहुतेकदा भलत्याच ओळीखाली असायचं. आमू ते कोपराने सरकवायची. आज मंगळवार होता. आज यादीत प्रेमलाचं घर होतं, आणि घरात प्रेमला एकटी होती.

मग तो तिला म्हणाला, ज्याला बांधावं लागतं ते आपलं नव्हेच. अख्खा.

"काल बघितलात काय गो शिवाचं?" टेबलाच्या टोकाकडून सगुणाने विचारलं.

सगुणा संगमेश्वरकडची, लग्न होऊन इकडे आलेली; आणि शिवा हा तिच्या मामाच्या गावचा, असं ती सांगायची. शिवा चिऱ्याच्या खाणीवर दगड कापायचा आणि गावच्या नमनाच्या खेळात गायचा, आणि आता टीव्हीवर 'कौल सुरांचा' ह्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत पोचला होता. सोमवारी गाणी, मंगळवारी कोण बाहेर जाणार ते. आठवड्याचे बाकीचे पाच दिवस फॅक्टरीतल्या बायका ह्या दोन दिवसांवर काढायच्या.

"कुठचं बघतेय," सोनूबाई म्हणाली. ती प्रेमलाच्या बरोबर समोर बसायची. वाडीतलीच, दोन घरं सोडून. "काल सातलाच लावलंनी ना ते? दोन तासांचं खास. सातला आमचं वाचन असतं."

प्रेमला खाली मान घालून सोलत राहिली. काल सात वाजता ती कडी लावून, आवाज अगदी बारीक करून, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली होती. दुपारीच सोनूबाईला सांगून ठेवलं होतं — डोकं दुखतंय, वाचनाला येत नाही. सकाळी एसटीतही ती मुद्दाम मागच्या सीटवर गेली होती, गोष्ट म्हणायला. सोनूबाई कधी नव्हे ती ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली होती, त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

"चुकवलात गो," सगुणा म्हणाली. "काल पाकिटं दिलंनी सगळ्यांना. आत नवीन गाणं, कुणी कधी ऐकलेलं नाय असं. चाल एकदा ऐकवायची, आणि कागद बघून गायचं. आणि हा उभा राहिला कागद घेऊन आणि बोलतो कसा, मला कुणीतरी वाचून दाखवा, मला वाचायला येत नाय! एवढ्या लोकांत! आणि तीन वेळा वाचून घेतलंन गो, तीन वेळा! तिसऱ्यांदा ती गोरी निवेदिका पण वैतागली."

"तीन कुठे? दोनदाच घेतलंन. आणि ती वैतागली नव्हती, ती रडत होती," सोनूबाई म्हणाली.

टेबलावरचे हात थांबले.

"तू कुठे बघितलंस?"

"माझं डोकं दुखत होतं." सोनूबाईने एक गर उचलून खिडकीच्या उजेडात धरला, जणू त्यात काही लिहिलेलं होतं. "डोकं दुखायला लागलं की मी टीव्ही बघते."

"आणि तुमचं वाचन? काल तुमच्याच घराचा वार ना?"

"सूनबाईला बोलली, तू जा. ती बोलली, आई, एकटी कशी जाऊ? तिचं पण दुखायला लागलं." मग प्रेमलाकडे वळून, "तू सांग गो, कोण कोण होतं?"

"माझं पण डोकं दुखत होतं," प्रेमला म्हणाली.

आधी सगुणा हसली, मग सगळं टेबल. सोनूबाईला तर हसता हसता ठसका लागला, आणि पाणी पिऊन ती सांगू लागली — आता लपवायला काही उरलंच नव्हतं — की सकाळी स्टॉपवर बाबाजीकाका भेटला होता. पुस्तक सांभाळणारा, यादी करणारा, घंटेसारखा वेळेवर येणारा बाबाजीकाका काल विहारात अर्धा तास एकटा बसला, मग मेणबत्ती विझवलंन, पुस्तक कापडात गुंडाळून ठेवलंन आणि घरी गेला. "मला बोलतो, वाडीत डोकेदुखीची साथ आलेली दिसते. मी बोलली, होय काका, हवाच तशी हाय."

प्रेमलाही हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सगळी वाडी कड्या लावून, आवाज बारीक करून, एकमेकांना चुकवून एकच माणूस बघत बसली होती — बाजूबाजूच्या भिंतींआड, प्रत्येकीला वाटत होतं की गुन्हेगार ती एकटीच — आणि बाकीच्या सगळ्या तिकडे शुभ्र साड्या नेसून गोष्ट ऐकताहेत —

गोष्ट.

नख थांबलं.

कालची गोष्ट वाचली गेली नाही.

बाबाजीकाकाचा नियम वाडीला पाठ होता. ज्या घराचा वार चुकला त्याचा चुकला, तो पुढच्या फेरीला. पुस्तक मात्र उड्या मारत नाही. पुस्तक जिथे थांबलं तिथून पुढे. म्हणजे आज जी उघडली जाईल ती सोमवारची गोष्ट. व्यापारी नाही. सात बैल नाहीत. पाण्यापाशी पान उलटायचं नाही. सोमवारची — जी आमूने वाचली नाही, मी ऐकली नाही, जिच्यात कोण आहे, किती वाक्यांची आहे, कुठे श्वास घ्यायचा —

पाकळी. पाकळी. तुकडा.

"— नाटक गो सगळं," सगुणा बोलतच होती. "टीव्हीवाले शिकवतात, असं बोल, तसं रड. ह्या काळात वाचायला येत नाय म्हणजे काय? आमच्याकडे काय शाळा नायत? उद्या लोक बोलतील, संगमेश्वर म्हणजे अडाणी. माझ्या नवऱ्याने रात्रीच बोलून दाखवलंन. मी तर मत देणार नाय त्याला."

"नको देऊस," सोनूबाई म्हणाली. "मी दोन देईन. तुझं एक आणि माझं एक."

"पण वाचायला नको काय?"

"कशाला हवं? गळ्याने गातो ना तो? माझी सून बारावी झाली. काय वाटेल ते वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीक पण वाचते. तिला सांग एक ओळ गायला. कुत्री पळतील."

"तसं नाय गो. उद्या गाणी छापून देतील, करारबिरार देतील. अंगठा लावणार काय? कोण काय लिहून घेईल ते..."

"तो करार त्याचा तो बघेल. तू काय त्याची वकील?"

"मामाच्या गावचा हाय म्हणून बोलते."

"मामाच्या गावचा हाय तर मत दे की!"

पुन्हा हशा. प्रेमलाच्या कानात तो लांबून आल्यासारखा येत होता, विहिरीत बादली आपटावी तसा. मग सोनूबाईने, कुठलीही वाईट बुद्धी नसताना, अगदी मानाने, सगळ्यांसमोर विचारलं, "प्रेमला, तू सांग. तू तर वाचणारी बाय. आम्ही काय, ठिपका दिसला तर मुंगी बोलणाऱ्या. तुला काय वाटलं, खरंच येत नसेल त्याला?"

वाचणारी बाय.

पंधरा वर्षं झाली त्याला. साक्षरतेचे वर्ग निघाले होते तेव्हा, शाळेच्या पडवीत, गॅसबत्तीच्या उजेडात, पोटात आमूनंतरचं बाळ — जे पुढे राहिलं नाही — आणि समोर पाटी. प्रेमला सगळ्यांत हुशार. मुळाक्षरं पंधरा दिवसांत, बाराखडी महिन्यात. मग जोडाक्षरांच्या तोंडावर भाताची लावणी आली, वर्ग थांबला, आणि तो मग सुरू झालाच नाही. पण तालुक्याला कार्यक्रम व्हायचा होता, साहेब येणार होते, आणि नवसाक्षरांपैकी कुणीतरी व्यासपीठावर वाचून दाखवायचं होतं. शिकवणाऱ्या गुरुजींनी तिला तीन वाक्यं चार दिवस आधी सांगून ठेवली. चिठ्ठी हातात होती. ती चिठ्ठीकडे बघत होती आणि वाक्यं डोक्यातून येत होती. टाळ्या. नारळ, प्रमाणपत्र. ते घरात बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली लावलं, आणि त्या दिवसापासून प्रेमलाला वाचता येऊ लागलं — म्हणजे वाडीत. लग्नाच्या पत्रिका तिच्या हातात देत, ती मान डोलवी. एसटीच्या पाट्या ती रंगावरून आणि लांबीवरून ओळखी. नडलंच तर चष्मा घरी राहिलेला असे. जत्रेत घेतलेला तो चष्मा त्यासाठीच होता, त्यातून तिला नीट दिसतही नसे.

आमूला हे कळलं तेव्हा ती सातवीत होती. "आई, मी शिकवते ना." आणि प्रेमला तिच्यावर खेकसली होती, इतकी, की मग ते दोघींत मिटूनच गेलं... वाचता येणाऱ्या बाईने शिकायला बसायचं कसं? लाज वाचता न येण्याची नव्हती, ती केव्हाच जुनी झाली होती. लाज त्या टाळ्यांची होती. त्या परत कशा करायच्या?

"बोल की गो."

"त्याला खरंच येत नाय," प्रेमला म्हणाली.

"कशावरून?"

"त्याने कागद बघितलाच नाय." नख पुन्हा वळणातून फिरू लागलं, आपलं आपण. "तो कागदाच्या वरच्या काठावर बघत होता. ज्याला येतं त्याचे डोळे हलतात, इकडून तिकडे. न येणाऱ्याचे एकाच जागी राहतात. आणि तो कागद त्याने दोन्ही हातांनी धरला होता. येणारा एका हाताने धरतो."

सगुणा तिच्याकडे बघत राहिली. "तू एवढं कुठे बघितलंस? मी पण बघतच होती की."

मी हातभर अंतरावर होते, ती म्हणणार होती. पण ते कारण नव्हतं. कारण हे होतं की काल तो कागद हातात घेऊन उभा राहिला तेव्हाच, त्याने तोंड उघडायच्या आधी, प्रेमलाच्या तळहातांना घाम सुटला होता. आता हा चष्मा विसरलो म्हणेल. आता हा खोकेल. आता ह्याचं डोकं दुखेल. ती त्याच्यासाठी एकेक वाट काढून देत होती, सगळ्या वाटा तिच्या वापरातल्या, आणि त्याने त्यातली एकही घेतली नाही. तो सरळ म्हणाला. आणि निवेदिका आधी हसली, गंमत समजून, आणि मग सगळं सभागृह गप्प झालं, आणि त्या गप्प राहण्यात प्रेमलाने टीव्ही बंद केला होता. बंद केला, आणि मग पुन्हा लावला. तोवर तो गात होता.

म्हणजे त्याचं काय झालं ते मधलं तिने बघितलंच नव्हतं. माणूस असं सांगतो आणि मग पुढच्या क्षणाला काय होतं — तेवढंच राहून गेलं होतं.

दुपारच्या सुट्टीत तिने सगुणाचा मोबाईल मागून घेतला आणि फॅक्टरीच्या मागे, फेकलेल्या टरफलांच्या ढिगापाशी, जिथे चिकाच्या वासाने कुणी उभं राहत नाही, तिथे जाऊन आमूला लावला. आमूच्या शाळेत रेंज फक्त पायरीवर येते. तिसऱ्यांदा लागला.

"सोमवारची गोष्ट कुठली होती, आमू?"

"का? आज मंगळवार ना?"

प्रेमलाने सांगितलं. शिवा, सात वाजता, डोकेदुखी. पलीकडून आधी हसणं आलं, मग आमू एकदम भानावर आली.

"मी ती पाहिलीच नाही, आई. पानं उलटून पुढे गेले. आता पुस्तक विहारात."

"हं."

"मग आजारी पड. डोकं दुखतंय सांग."

"डोकं काल दुखून झालं."

दोघी हसल्या. पायरीमागे पोरं पाढे ओरडत होती.

"आई, तुला बाराखडी येते."

"येते."

"मग?"

"जोडाक्षरं येत नाहीत." हे ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, आणि तेही दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये.

"मग जोडाक्षरापाशी थांब."

"थांबून?"

"थांबून काय होईल?" आमू म्हणाली. तिने ते विचारल्यासारखं विचारलं, शिकवल्यासारखं नाही. तिलाही ठाऊक नसावं. मग घंटा झाली.

काय होईल... दुपारभर ती हेच सोलत बसली. व्यापारी मध्येच यायचा, बैल यायचे, ती त्यांना हाकलून द्यायची. काय होईल. सोनूबाई म्हणेल — काय म्हणेल? पंधरा वर्षं समोर बसलेली बाई. दोघींनी मिळून किती गर सोलले असतील, गावठी बीचे, आफ्रिकेच्या बीचे. सोनूबाईचा नवरा वारल्याचं मुंबईहून आलेलं पत्र तिने प्रेमलाकडेच आणलं होतं आधी, आणि प्रेमला म्हणाली होती, चष्मा घरी आहे, आणि सोनूबाई ते तसंच पोलक्यात ठेवून दोन तास बसली होती, आमू शाळेतून येईपर्यंत. दोन तास. ते पत्र म्हणजे... ते आठवलं की प्रेमला दुसरं काहीतरी आठवायची. आज तिने ते आठवू दिलं.

एसटीत ह्या वेळी दोघी शेजारी बसल्या. आरे-वारेच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला भाताच्या लोंब्यांचा आणि समुद्राचा मिळून एक वास होता. मध्येच ऊन, मध्येच सर. सोनूबाई शिवा राहणार की जाणार ह्याचा हिशेब मांडत होती — कोल्हापूरवाल्यांची मतं तिकडे, मुंबईवाल्यांची फुटणार. प्रेमला हूं म्हणत होती. स्टॉप यायच्या आधी ती म्हणाली, "सोनूबाय, ते पत्र."

"कुठलं गो?"

"...काय नाय. पिशवी घे."

विहारात आज सगळे आले होते. डोकी सगळ्यांची बरी झालेली. त्रिसरण झालं, पंचशील झालं, आणि मग बाबाजीकाकाने पुस्तकावरचं कापड उलगडत एवढंच म्हटलं, "कालची गोष्ट आज. वाचन, प्रेमलाताई."

भिंतीवर घड्याळ. सव्वासात. आठला निकालाचा कार्यक्रम, आणि हे विहारातल्या प्रत्येक पाठीला ठाऊक होतं. सोनूबाईची सून दाराच्या इतकी जवळ बसली होती की तिची एक चप्पल जवळजवळ पायात होती. प्रेमला चौरंगापाशी जाऊन बसली. पुस्तक जड, जड म्हणजे आमू धरायची त्याहून जड. पानावर अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी नव्हती, असं लोक म्हणतात तसं काही नव्हतं. ती अक्षरंच होती. ओळखीची. बाजारात दुरून दिसणाऱ्या माणसांसारखी ओळखीची, नाव चटकन येत नाही एवढंच.

तिने पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं. तिने उजवा हात सोडवून घेतला आणि बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

हा शब्द तिला येत होता. जोडाक्षर असून येत होता, कारण आमूच्या अर्ध्या गोष्टी ह्यानेच सुरू व्हायच्या. "त्या," ती म्हणाली.

मग बोट सरकलं. गा. मग वा. मग त. ती प्रत्येकाला वेगळं म्हणाली आणि मग तिघांना एकत्र. "गावात."

त्या गावात. तिचाच आवाज, पण पाठ म्हणतानाचा नव्हे. तो पुढे पळायचा, हा जागच्या जागी पाय चाचपत होता. दोन शब्दांत इतका वेळ गेला होता की कुणीतरी खोकलं. मागून कुणीतरी मायेने म्हणालं, "चष्मा घाला की, ताई."

चष्मा पिशवीत होता. पिशवी मांडीशी होती. हात गेलासुद्धा, पिशवीच्या बंदापर्यंत — पंधरा वर्षांचा हात, तो विचारून थोडाच जातो — आणि तिथे त्याला बंद सापडला, आणि तो बंद त्याने नुसता धरून ठेवला.

"चष्म्याने नाय होणार," प्रेमला म्हणाली. "मला असंच येतं वाचायला. सावकाश. जोडाक्षरं तर येतच नाहीत. मला कधी आलीच नाहीत."

आणि मग ते झालं, जे काल तिने टीव्ही बंद करून चुकवलं होतं: सगळे गप्प झाले. ते फार मोठं नव्हतं. त्यात घड्याळ ऐकू येत होतं, बाहेर पागोळ्या ऐकू येत होत्या, कुणाच्या तरी बांगड्या. सोनूबाई तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी चाललं होतं, सावकाश, मागे मागे, वर्षांमागून वर्षं ओलांडत — ती पत्रापर्यंत पोचली असेल का? पोचली असेल. आत्ता नाही तर उद्या टेबलाशी पोचेल. त्यावर काय बोलायचं ते प्रेमलाला ठाऊक नव्हतं, आणि ते पाठ करून ठेवण्यासारखंही नव्हतं.

बाबाजीकाकाने घसा साफ केला. "वाचा," तो म्हणाला. "पुस्तकाला घाई नाही."

बोट पुढे गेलं. "एक."

त्या गावात एक. आणि पुढे ते उभं होतं — अर्धा म, त्याला चिकटलेला ह, त्याला काना, आणि त्यामागे आणखी अक्षरं, लांबलचक शब्द, ओळीच्या टोकापर्यंत गेलेला. प्रेमला थांबली. बरोबर त्या जागी, जिथे लावणीमुळे वर्ग थांबला होता.

कोण असेल? म्हातारा असेल. म्हातारी असेल. की म्हैस — म्हैस नसेल, तिला काना नसतो. व्यापाऱ्याच्या गोष्टीत पहिल्या शब्दापासून तिला ठाऊक होतं की बैल जाणार आहेत आणि बैल परत येणार आहेत, त्यामुळे त्याची बायको रडली तरी तिला काही झालं नव्हतं. पाठ केलेल्या गोष्टीत कुणाला काही होत नाही. पण इथे हा जो कोणी होता, त्या गावातला, त्याचं काय होणार ते ह्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांत आधी ते तिला कळणार होतं. सगळ्यांच्या आधी. फक्त त्या अक्षराच्या पलीकडे जायला हवं.

शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला. सुनेची चप्पल वाजली, पण पायात गेली की पायातून निघाली ते कळलं नाही.

"एक काय गो?" सोनूबाई म्हणाली. मंगळवारी नाव जाहीर व्हायच्या आधी जाहिराती लागल्या की ती जशी पुढे सरकून बसते, तशी पुढे सरकून. "त्या गावात एक काय?"

"थांब जरा," प्रेमला म्हणाली. "मला पण नाय ठाऊक." हे सांगताना तिला लाज वाटायची राहूनच गेली, ती पुस्तकावर वाकली होती, बोट त्या अक्षराखाली घट्ट धरून, आणि त्यामागे कोण उभं आहे ते बघत होती.